चार दिवस गप्प का राहिलात?

ताई, नमस्कार.

माझं वय ४९. एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात २३ वर्षं आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं, दोन विभाग एक झाले आणि जिला मी कीर्द-खतावणीपासून काम शिकवलं, ती मुलगी आता माझी साहेब आहे. ती चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. मी आजही प्रत्येक बिल आधी माझ्या वहीत उतरवतो, मग कॉम्प्युटरवर चढवतो आणि संध्याकाळी दोन्ही ताडून बघतो. रोज तास-दीड तास जास्त बसावं लागतं. बायको म्हणते, फेकून द्या ती वही. मुलगा 'बदल स्वीकारा', 'एकवीस दिवसांत सवय बदला' असले व्हिडिओ पाठवत असतो. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये पाच पायऱ्यांचं चित्र दाखवलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं की हे दुसऱ्या पायरीवर आहेत, रागाच्या. सगळे हसले. मीही हसलो.

पण याच वहीमुळे दोनदा सॉफ्टवेअरमधली चूक सापडली. एकदा क्रेडिट नोट, म्हणजे पार्टीने बिलातून कमी केलेली रक्कम, वजा व्हायची राहिली होती. एकदा तर एकच बिल दोनदा चढलं होतं. बिल नंबरात एकदा आडवी रेघ होती, एकदा नव्हती, म्हणून त्याला ती दोन बिलं वाटली. मी काही बोललो नाही, म्हटलं बघू कुणाच्या लक्षात येतंय का. चार दिवसांनी आलं.

मी चांगलंच काम करत होतो ना? मग बदलायचं मीच का? आणि या वयात स्वभाव बदलतो का? टायपिंगच्या चुका माफ करा, मराठीत पहिल्यांदाच टाइप करतोय.

— एक जुना हिशेबनीस

नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचं पटलं, दुसऱ्यांदा वहिनींचं. तिसऱ्यांदा एका ओळीपाशी थबकले आणि बाकीचं पत्र मागे पडलं. 'मी काही बोललो नाही, म्हटलं बघू कुणाच्या लक्षात येतंय का.'

वही ठेवणं, जादा बसणं, सॉफ्टवेअरवर भरवसा न बसणं, यातलं मला काहीच फारसं खटकलं नाही. हिशेबाच्या माणसाने संशयी असावंच. पण दुबार चढलेलं बिल समोर दिसत असताना जो चार दिवस गप्प बसतो, तो त्या चार दिवसांपुरता हिशेबनीस राहत नाही. तुम्ही पंचाच्या खुर्चीत जाऊन बसला होतात, आणि तेही एका बाजूने पैज लावून. नवं तोंडघशी पडावं असं तुम्हाला मनातून वाटत होतं. मधल्या काळात पैसे गेले असते तर ते परत मागायची पत्रं बहुधा तुमच्याच टेबलावर आली असती, हा भाग वेगळा.

दोष देत नाहीये. बरं, थोडासा देतेय. पण ती इच्छा मला फार ओळखीची वाटली, म्हणून माझंच एक सांगते.

हे सदर मी बरीच वर्षं हाताने लिहून देत असे. एके दिवशी निरोप आला, यापुढे मजकूर टाइप करूनच पाठवा. हो म्हटलं आणि कीबोर्डसमोर बसले. अक्षरं हळूहळू सापडत गेली, जोडाक्षरांनी रडवलं, पण 'ज्ञ' काही केल्या मिळेना. विचारायचं कुणाला? ज्यांना विचारता आलं असतं ती सगळी माझ्या निम्म्या वयाची. मग मी युक्ती काढली. ज्ञ असलेला शब्दच लिहायचा नाही. विज्ञानाच्या जागी शास्त्र, आज्ञेच्या जागी हुकूम, तज्ज्ञांच्या जागी जाणकार. कृतज्ञता व्यक्त करायची वेळ आली तर सरळ ऋणी आहे म्हणायचं. आठ-नऊ लेख असे गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता. मग एका लेखात 'अज्ञान' हा शब्द हवा झाला. 'अडाणीपणा' लिहून पाहिलं, 'ठाऊक नसणं' लिहून पाहिलं. बसेना. अर्धी संध्याकाळ त्यात गेली आणि मग आपण नक्की काय टाळत बसलोय ते लक्षात येऊन मला एकटीलाच हसू फुटलं. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारली. तिने ज्ञ काढून दाखवला आणि ती परत आपल्या कामाला लागलीसुद्धा.

त्या सगळ्या काळात मी भेटेल त्याला सांगत होते, की टाइप करताना विचार तुटतो, हाताने लिहिण्याची सर त्याला नाही. विचार बिचार काही तुटत नव्हता. ज्ञ सापडत नव्हता.

(तुमच्या पत्रात ज्ञ एकदाही आलेला नाही, हे मी मुद्दाम तपासलं. योगायोग असेल.)

तुमचं घोडं नेमकं कुठे अडलंय हे पत्रावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण माझा अंदाज सांगते. इतकी वर्षं ऑफिसात कुणाचं काही अडलं की तो तुमच्या टेबलापाशी येत असणार. 'अहो, त्या पार्टीचं मागच्या मार्चमध्ये काय झालं होतं हो?' आणि तुम्हाला ते तोंडपाठ. आता तोच माणूस जागेवरून न उठता पार्टीचं नाव टाकतो आणि त्याला उत्तर मिळतं. सॉफ्टवेअरने तुमचं काम नेलेलं नाही, तुमच्या टेबलाकडे येणारी माणसं नेली. वहीत रोज उतरवताना तुम्ही बिलं कमी सांभाळता आणि ती जागा जास्त. म्हणून वहिनींनी 'फेकून द्या' म्हटलं की ते वहीपुरतं राहत नाही, वर्मी लागतं.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माणसाची घडणच तशी आहे. १९९० साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध केले. वर्गातल्या निम्म्या मुलांना एकेक साधा कॉफीचा मग दिला आणि विचारलं, हा कितीला विकाल? उरलेल्यांना विचारलं, कितीला घ्याल? ज्यांच्याकडे मग होता त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत सांगितली. कॉफीचा मग तोच, वर्ग तोच, आणि तो मग हातात येऊन जेमतेम काही मिनिटं झालेली. तुमच्या हातात वही किती वर्षं आहे, ते तुम्हीच बघा.

त्या पाच पायऱ्यांचंही (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) एकदा मिटवून टाकू. त्या एलिझाबेथ कुबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली मांडल्या, त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. सॉफ्टवेअर बदललेल्या अकाउंटंटशी बोलून नव्हे. पुढे ते चित्र कंपन्यांच्या प्रशिक्षणात शिरलं आणि कुणालाही कुठल्याही पायरीवर उभं करायची सोय झाली. तुम्ही तेव्हा हसलात ते ठीकच, पण ते मनाला लावून घेऊ नका.

मला त्यापेक्षा बदलांवर पुस्तकं लिहिणारे विल्यम ब्रिजेस यांची मांडणी कामाची वाटते. ते म्हणतात, बदल वेगळा आणि माणसाच्या आत होणारं स्थित्यंतर वेगळं. बदलाला तारीख असते: अमुक दिवसापासून नवं सॉफ्टवेअर. स्थित्यंतराला तारीख नसते, आणि त्याची सुरुवात होते ती कशाच्या तरी शेवटाने. आधी काहीतरी संपतं, मग जुनं सुटलेलं आणि नवं न जमलेलं असा एक अधांतरी काळ येतो, आणि नवी सुरुवात त्यानंतर. तुमच्या ऑफिसने पासवर्ड दिले, दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं असेल, पण तुमचं काय संपलं हे कुणी विचारलं नाही. आणि तुम्हीही कुणाला सांगितलं नाहीत. एखादं झाकलेलं दुःख असं दुबार चढलेल्या बिलाच्या आडून बाहेर येतं.

तेव्हा पहिलं काम. वहीचं शेवटचं पान उघडा आणि तिथे लिहा, गेल्या वर्षात माझं काय काय गेलं. माणसं विचारायला यायची, ते. सगळं डोक्यात आहे ही ऐट. वरच्या जागेची आशा धरली असेल तर तीही. हिशेब लिहिता तसंच लिहा, आडपडदा न ठेवता. कुणाला दाखवायची गरज नाही.

आता तुमचे प्रश्न. मी चांगलंच काम करत होतो ना? हो. अगदी नि:संशय. पण या 'हो'चा नव्या सॉफ्टवेअरशी काही संबंध नाही. तुम्ही चुकत होतात म्हणून ते आलेलं नाही, आणि तुम्ही बरोबर होतात हे सिद्ध झाल्याने ते जाणारही नाही. 'बदल स्वीकारा' म्हणणारी मंडळी हे सांगायचं नेमकं विसरतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की स्वीकारलं म्हणजे आपलं आजवरचं सगळं चुकीचं होतं असं कबूल केलं. मग तो हटून बसतो. मीही बसले असते.

आणि प्रत्येक बदलापुढे मान तुकवावी असं मी मुळीच म्हणणार नाही. 'नवं आहे म्हणजे चांगलंच' हे 'जुनं ते सोनं' इतकंच आळशी वाक्य आहे. तुमच्या सॉफ्टवेअरला ती आडवी रेघ कळली नाही, हा त्याचा दोषच. पण विरोध करायचा दोन जणांना अधिकार असतो असं मला वाटतं: ज्याचं त्यात नुकसान होतंय तो, आणि ज्याने ती गोष्ट नीट शिकून घेतली आहे तो. तुम्ही सध्या पहिल्या रांगेतून बोलताय. दुसऱ्या रांगेत आलात तर तुमचं ऐकावंच लागेल, कारण रेघेचा घोटाळा कुठे होतो हे तुम्हाला दोन्ही बाजूंनी माहीत असेल.

या वयात स्वभाव बदलतो का? जॉर्डी क्वोइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक गमतीशीर संशोधन प्रसिद्ध केलं. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांची पाहणी होती. गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल, एवढाच मूळ प्रश्न. आपला स्वभाव, आवडीनिवडी, काय महत्त्वाचं वाटतं त्याचा क्रम, सगळ्याबद्दल. प्रत्येक वयाच्या लोकांनी साधारण एकच सांगितलं: मागच्या दहा वर्षांत बराच बदललो, पुढे मात्र फारसा बदलणार नाही. विशीतल्यांनीही तेच सांगितलं आणि साठीतल्यांनीही. आपण आता पुरे घडून झालोय असं माणसाला प्रत्येक मुक्कामावर वाटतं. तेव्हा 'या वयात' हे शब्द तुमचा मुलगाही दहा वर्षांनी म्हणणार आहे, निर्धास्त राहा.

तुमचाच दाखला घ्या. २३ वर्षांपूर्वी तुम्ही रुजू झालात त्या दिवशीचं काम आणि दोन वर्षांपूर्वीचं काम एकच होतं का? मधे किती तऱ्हा येऊन गेल्या असतील, त्या तुम्ही शिकलातच की. फक्त तेव्हा तुम्ही तरुण होतात आणि न येण्याला कुणी हसत नव्हतं. आणि हे पत्र? मराठीत पहिल्यांदा टाइप केलंत. दीडेक पान. त्यासाठी कुणी व्हिडिओ पाठवला नव्हता.

मुलाचं नाव निघालंच आहे तर त्यालाही एक निरोप द्या. कर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, १९४७ साली वारले. माणूस एका जागी अडकून का राहतो याचा त्यांनी फार साधा विचार मांडला. त्याला पुढे ढकलणारे काही जोर असतात, मागे धरून ठेवणारे काही. ढकलणारा जोर वाढवला की ताणच वाढतो. धरून ठेवणारी एखादी गाठ सैल केली तर माणूस आपसूक हलतो. घरातली मंडळी प्रेमापोटी ढकलताहेत. त्याला सांगा, व्हिडिओ बंद कर आणि एका रविवारी माझ्याशेजारी बसून वही बघ. वहिनींनाही बसवा. इतकी वर्षं तुम्ही काय करत आलात हे घरात कुणी पानं उलटून पाहिलंय का, मला शंका आहे.

वही फेकू नका. तिचं काम बदला. आज ती सॉफ्टवेअरची नक्कल करते, आणि नक्कल करायला २३ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाची गरज नसते. ती रेघ तुम्हाला दिसली कारण हाताने लिहिताना डोळा प्रत्येक आकड्यावर थांबतो, आणि दोन नोंदी एकाच बिलाच्या आहेत हा वास तुम्हाला आला. तर यापुढे वहीत फक्त तेवढंच जाऊ दे जे यंत्राला कळत नाही. कोणती पार्टी बिल नंबर दोन तऱ्हांनी लिहिते. कुणाची क्रेडिट नोट हटकून उशिरा येते. कुठल्या नावाच्या दोन पार्ट्या आहेत आणि त्यांची गल्लत होते. अशी वही दोन महिन्यांत पातळ होईल, पण ती वाचायला लोक तुमच्या टेबलापाशी येतील.

बाकीची नक्कल एकदम थांबवू नका, तुमच्याच्याने ते होणार नाही. एका प्रकारची बिलं निवडा, अगदी ठरावीक, महिन्याच्या महिन्याला येणारी, आणि ती वहीत उतरवणं थांबवा. पहिले काही दिवस संध्याकाळी हात शिवशिवतील, काहीतरी राहिलं असं वाटत घरी जाल. जा. आणि ते एकवीस दिवसांचं प्रकरण डोक्यातून काढा. ते मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणावरून आलं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं ते होतं. सांगता सांगता 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. रोजची एखादी छोटी नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, तर मधला आकडा ६६ निघाला, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे एखाद्या संध्याकाळी राहवलं नाही आणि गुपचूप चार बिलं उतरवलीत, तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

राहता राहिली तुमची साहेब. खरी अवघड जागा ही आहे, आणि पत्रात तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत. 'ती चांगली आहे.' मला वाटतं तुम्ही तिला अजून एकही प्रश्न विचारलेला नाही. स्क्रीनवर काही अडलं तर तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी, किंवा कुणालाच नाही, असं करत असणार. ती नवी होती तेव्हा तिने तुम्हाला किती प्रश्न विचारले, आठवून पाहा. तेच ते, पुन्हा पुन्हा. जमा कुठे, नावे कुठे. तुम्हाला ती तेव्हा कमी वाटली होती का? की चुणचुणीत वाटली होती?

तिच्याकडे जायला निमित्त हवं, आणि ते तुमच्याकडे आहे. थोडं कडू आहे. जेव्हा ती जरा मोकळी असेल तेव्हा जा आणि आढेवेढे न घेता सांगा: 'मागे ते बिल दुबार चढलं होतं, ते मला चार दिवस आधी दिसलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. असं कुठे कुठे होऊ शकतं ते मी काढून ठेवलंय. आणि ते सिस्टिममध्येच कसं अडवायचं, हे मला येत नाही, ते तू दाखव.'

तिला राग येईल कदाचित. येऊ दे, तो तिचा हक्क आहे. वही बरोबर न्यायला विसरू नका.